पेटीतला सभामंडप

"गुरुजी, हा हॉल कुठला हो?"

सातवीतल्या एका मुलीने मला हा प्रश्न विचारला, तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत चष्मा कपाळावर चढवून एका नव्या वाद्यापुढे बसलो होतो. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून विजेवर चालणारी पेटी, हल्ली सारे जिला नुसते 'कीबोर्ड' म्हणतात ती, शाळेला भेट दिली होती. आमची जुनी हार्मोनियम धापा टाकू लागली होती. तिच्या दोन पट्ट्या एकदा दाबल्या की वर येईनात. तिला आम्ही मानाने कपाटात निवृत्त केले आणि या नव्या पाहुणीला टेबलावर बसवले. स्नेहसंमेलन तीन आठवड्यांवर आले होते, गाण्याच्या बाई रजेवर होत्या, आणि मास्तर कादंबऱ्या लिहितो म्हणजे त्याला सारेच येत असणार, असा आमच्या गावाचा गोड गैरसमज असल्यामुळे ही जोखीम माझ्या गळ्यात पडली होती.

एक बटण दाबले की तिच्या छोट्या खिडकीत अक्षरे उमटत. रूम, हॉल १, हॉल २, स्टेज, प्लेट. 'रूम'वर असताना जो सूर पाटावर टिचकी मारल्यासारखा कोरडा वाजत होता, तोच 'हॉल २'वर नेताच एखाद्या मोठ्या देवळाच्या सभामंडपात उमटल्यासारखा घुमू लागला. पट्टीवरचे बोट उचलले तरी सूर मागे रेंगाळे. मुलीचे डोळे विस्फारले आणि तिने तो प्रश्न केला.

"कुठलाच नाही गं. नुसतं नाव आहे," मी म्हणालो.

"नाव आहे म्हणजे कुठंतरी असणारच की!"

वर्गात असा प्रश्न आला की आम्ही शिक्षक "आता घंटा होईल, उद्या पाहू" असे म्हणतो. मीही तेच म्हणालो. भौतिकशास्त्राशी माझा परिचय मॅट्रिकपुरताच. पण प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. मग पुस्तके मागवली, जाणत्यांना विचारले आणि हळूहळू एक मोठी मौजेची हकीकत हाती लागली. हा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर समजा.

वाचकांपैकी पुष्कळांनी विजापूरचा गोलघुमट पाहिला असेल. महंमद आदिलशहाची ही कबर १६५६ साली बांधून झाली. वरच्या सज्जात उभे राहून कुणी टाळी वाजवली की ती एकामागून एक कितीतरी वेळा परत येते. हा प्रतिध्वनी. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. भिंत १७ मीटरांहून दूर असेल तर त्याला जाऊन यायला एक दशांश सेकंदापेक्षा जास्त वेळ लागतो आणि कानाला तो निराळा ऐकू येतो, हे आपण सारे शाळेत घोकलेले असते. पण साध्या दालनात काय होते? भिंती जवळ असतात. आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर, तिथून छतावर, तिथून फरशीवर असा आपटत राहतो. एका शब्दाच्या शेकडो सावल्या इतक्या दाटीने कानावर येतात की त्या वेगळ्या काढताच येत नाहीत. मूळ आवाजाला एक शेपूट फुटते, एवढेच आपल्याला जाणवते. यालाच आपण घुमारा म्हणतो. कीबोर्डाच्या खिडकीत 'रिव्हर्ब' म्हणून जे लिहिलेले असते, ते हेच.

गंमत अशी की ज्या माणसाने या घुमाऱ्याचे प्रथम नीट मोजमाप केले, तो घुमारा आणायला निघाला नव्हता; घालवायला निघाला होता.

अमेरिकेत बोस्टन शहराला लागून केंब्रिज म्हणून गाव आहे. तिथे हार्वर्ड विद्यापीठाने फॉग कलासंग्रहालयाच्या इमारतीत व्याख्यानांसाठी एक सभागृह बांधले. १८९५ साली ते वापरात आले आणि लगेच सर्वांच्या लक्षात आले की तिथे वक्त्याचे एक वाक्य धड कळत नाही. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. साडेपाच सेकंदांत माणूस सहज दहापंधरा शब्द बोलून जातो. म्हणजे पहिला शब्द विरायच्या आत पुढचे पंधरा त्याच्या अंगावर येऊन पडायचे! विद्यापीठाच्या अध्यक्षांनी हे दुखणे वॉलेस क्लेमंट सॅबिन नावाच्या भौतिकशास्त्राच्या तरुण अध्यापकाकडे सोपवले. त्याचे वय तेव्हा २७ वर्षांचे होते.

सॅबिनची साधने पाहिली तर आपल्या शाळेतल्या प्रयोगशाळेलाही लाजायचे कारण नाही. ऑर्गनची एक नळी, एक घड्याळ आणि स्वतःचे कान. दिवसा रहदारीचा आवाज येई, म्हणून तो मध्यरात्रीनंतर काम करी. शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या मदतनिसांकरवी उचलून आणायच्या, सभागृहात अंथरायच्या, नळी वाजवून बंद करायची आणि आवाज पुरता विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. आणि पहाट व्हायच्या आत साऱ्या गाद्या परत जागच्या जागी! गाद्यांनी सभागृह भरत गेले तसा घुमारा साडेपाच सेकंदांवरून उतरत उतरत एक सेकंदाच्या आसपास आला. पुढे त्याच्या ध्यानात आले की आपल्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज पितात. कोट बदलला की आकडा बदलतो. तेव्हा आधीची हजारो मोजमापे त्याने रद्द केली आणि रोज तेच कपडे घालून पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. शिक्षकाने आपल्या मुलांना सांगावी अशी ही गोष्ट आहे.

या खटपटीतून एक साधा नियम निघाला. दालन जितके मोठे तितका घुमारा लांब. आवाज पिणाऱ्या वस्तू, म्हणजे गाद्या, पडदे आणि माणसे, जितक्या जास्त तितका तो आखूड. याच नियमावर आधारलेले बोस्टनचे सिंफनी हॉल हे संगीतगृह १९०० साली उघडले आणि आजही ते जगातल्या उत्तम संगीतगृहांत गणले जाते. म्हणजे घुमारा हा सर्वस्वी दोषही नव्हे आणि सर्वस्वी गुणही नव्हे. व्याख्यानाला तो जाच होतो, वाद्यवृंदाला तोच आधार होतो. प्रमाण तेवढे जमले पाहिजे.

आता या गोष्टीची दुसरी बाजू.

ज्या १८९५ साली फॉगचे सभागृह सुरू झाले, त्याच साली लॉरेन्स हॅमंड जन्मला. तो गवई नव्हता की वादक नव्हता. विजेची घड्याळे बनवणारा कारागीर होता. घड्याळाच्याच जातीची मोटर घेऊन त्याने दातेरी लोखंडी चाके लोहचुंबकापुढे फिरवली आणि त्यातून उपजणाऱ्या विजेच्या लहरींचे सूर केले. अशी ९१ चाके त्याच्या ऑर्गनमध्ये होती. वादकापुढे नऊ सरकत्या दांड्या असत. प्रत्येक दांडी शून्यापासून आठपर्यंत ओढून सुराचा रंग पाहिजे तसा बदलता येई. १९३५ साली हा ऑर्गन बाजारात आला. वाद्यातच बसवलेली करामत वादकाने बोटांनी कमीजास्त करायची, ही आजच्या कीबोर्डावरची रीत तिथे पुरेपूर दिसते. तशी आपल्या हार्मोनियमवाल्यांना ती नवीन नाही. पेटीच्या दर्शनी बाजूच्या खुंट्या ओढून स्वर भरदार करायचा किंवा त्याला कंप द्यायचा, हे आमच्या भजनी मंडळातले बुवाही करत आले आहेत.

हॅमंडच्या ऑर्गनला एक उणीव मात्र होती. चर्चमधला नळ्यांचा ऑर्गन थांबला तरी उंच दगडी भिंती सूर धरून ठेवतात. हा विजेचा ऑर्गन गालिचे अंथरलेल्या बैठकीत वाजू लागला आणि बोट उचलताच सूर कात्रीने कापल्यासारखा तुटू लागला. वाद्य घरात आले, पण त्याचे देऊळ मागेच राहिले! मग उपाय निघाला तोही मोठा मजेदार. बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत दूरच्या तारेवर आवाजाला लागणारा उशीर अजमावण्यासाठी स्प्रिंगा वापरत. हॅमंडने ती युक्ती उचलली. आवाज स्प्रिंगच्या एका टोकाला द्यायचा. तो वेटोळ्यांतून पुढेमागे हेलकावत राहतो. दुसऱ्या टोकाला तो घुमून बाहेर पडतो. देवळाच्या भिंतींचे काम पेटीतल्या तारेने केले.

याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन लेस्ली नावाच्या गृहस्थाला निराळाच अनुभव आला. दुकानाच्या प्रशस्त दालनात त्याने हॅमंडचा ऑर्गन ऐकला, त्यावर भाळला आणि तो विकत घेतला. पण घरच्या लहानशा खोलीत तेच वाद्य त्याला अगदी नीरस वाटू लागले. वाद्य तेच, बोटे तीच. बदलली होती ती खोली. त्याने आवाज बाहेर टाकणारा कर्णाच फिरता केला, म्हणजे सूर खोलीभर गिरक्या घेऊ लागला. हॅमंडला ही सुधारणा मुळीच रुचली नाही. वादकांनी मात्र ऑर्गन हॅमंडचा आणि कपाट लेस्लीचे अशी जोडी स्वतःच जुळवून टाकली. आज कीबोर्डाच्या यादीत 'रोटरी' असे नाव दिसते, ते या फिरत्या कर्ण्याचे वंशज. लेस्लीने केली नेमकी त्याच्या उलट चूक पुढे मी केली, ती सांगतोच.

ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनीही नाना खटपटी केल्या. १९४७ साली शिकागोत बिल पटनम याने 'द हार्मोनिकॅट्स' या माउथ-ऑर्गन वाजवणाऱ्या त्रिकुटाचे 'पेग ओ माय हार्ट' हे गीत मुद्रित केले. घुमारा हवा, पण मोठे सभागृह कुठून आणायचे? त्याने स्टुडिओच्या स्वच्छतागृहात एक ध्वनिक्षेपक आणि एक माइक ठेवला. न्हाणीघरात गाताना आपला आवाज आपल्यालाच का आवडतो, याचे शास्त्रही हेच आहे! ती तबकडी अतोनात खपली. पुढे १९५७ साली जर्मनीच्या ईएमटी कंपनीने दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा पोलादाचा पातळ पत्रा चौकटीत ताणून टांगला आणि त्या पत्र्यालाच घुमायला लावले. यादीतले 'प्लेट' हे नाव या पत्र्यावरून आले. जेवणाच्या बशीशी त्याचा काही संबंध नाही, हे मला कळले तेव्हा बरे वाटले.

आपल्या मुंबईतही तयार स्वरांच्या बटणांनी एकदा मोठी जादू केली. फ्रान्समधल्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ साली क्लॅव्हिओलिन नावाचे छोटे विजेचे वाद्य केले होते. स्वराचा रंग आणि कंप बदलण्याचे खटके त्यातच बसवलेले असत. १९५४ सालच्या 'नागिन' चित्रपटात हेमंतकुमारांच्या संगीतात जी पुंगी वाजते, ती पुंगी नव्हेच. कल्याणजी वीरजी शहा यांनी, म्हणजे पुढच्या कल्याणजी-आनंदजी या जोडीतल्या कल्याणजींनी, क्लॅव्हिओलिनवर काढलेला तो आवाज आहे. ऐकणाऱ्याला मात्र समोर गारुडी बसल्याचा भास झाल्याखेरीज राहत नाही.

मग आले आकड्यांचे युग. १९६१-६२ साली बेल प्रयोगशाळेतल्या मानफ्रेड श्रोडर यांनी भिंत, स्प्रिंग, पत्रा यांतले काहीच न घेता नुसत्या गणिताने घुमारा कसा करावा, ते दाखवले. आवाजाचे आकडे करायचे. ते क्षणभर अडवून, थोडे क्षीण करून, पुन्हा मूळ आवाजात मिसळायचे. आणि ही फेरी चालू ठेवायची. अशा चार फेऱ्या एकाच वेळी चालवायच्या, पण प्रत्येकीची लांबी निराळी, म्हणजे त्यांची पावले एकत्र पडून ठेका धरणार नाहीत. मग तो आवाज आणखी दोन गाळण्यांतून न्यायचा. सेकंदाला हजारभर प्रतिध्वनी झाले की कान फसतो आणि त्याला दालन भासू लागते. कल्पना सुरेख होती, पण ती दुकानात विकत मिळायला १९७६ साल उजाडले. ईएमटी कंपनीचेच ते यंत्र होते आणि ते मोठ्या स्टुडिओंनाच परवडावे असे होते. १९८३ साली यामाहाच्या डीएक्स-७ या कीबोर्डाने जग गाजवले, पण त्याच्या पोटातही घुमारा नव्हता. तो बाहेरून जोडावा लागे. १९८७ साली रोलँडच्या डी-५० मध्ये आणि पुढच्याच वर्षी कॉर्गच्या एम-१ मध्ये तो वाद्यातच बसून आला. नंतरच्या काही वर्षांत तो स्वस्त होत होत आमच्यासारख्या खेड्यातल्या शाळेच्या टेबलापर्यंत पोचला.

निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून १९८३ साली 'मिडी' नावाची सांकेतिक भाषा ठरली. तिच्यात घुमाऱ्याचा क्रमांक ९१ आहे आणि त्याचे माप शून्यापासून १२७ पर्यंत जाते. पुढे १९९९ च्या नियमावलीत आरंभीचा आकडा ४० धरला गेला. फॉगच्या सभागृहात सॅबिन ज्यासाठी रात्ररात्र गाद्या वाहत होता, ते आता एका बोटाचे काम झाले. पण तो आकडा कुठे किती ठेवावा, हे बटण सांगत नाही.

इथे माझी चूक सांगतो.

त्या मुलीने संमेलनासाठी गाणे निवडले होते ते तिच्या आजीच्या ओव्या. आजी वारून तीन वर्षे झाली होती. जात्यावर बसून ती ज्या ओव्या म्हणत असे, त्या नातीने ऐकून वहीत उतरवून ठेवल्या होत्या. कीबोर्डात माइकची तार खोवण्याची सोय होती, म्हणजे घुमारा गाणाऱ्या आवाजालाही देता येई. तालीम मी शिक्षकांच्या खोलीत घेतली. खोली लहान, भिंतींना वह्यांची कपाटे, खाली सतरंजी, खिडक्यांना पडदे. आवाज कोरडा वाटला, म्हणून मी 'हॉल २' लावला आणि आकडा शंभराजवळ नेला. मुलीचा बारीक आवाज एकदम भारदस्त झाला. आम्ही दोघेही खूश होतो.

संमेलन झाले ते शाळेच्या मोठ्या दालनात. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, चारी बाजूंना उघड्या भिंती. ते दालन मुळातच घुमते. त्यावर मी पेटीतले दुसरे दालन आणून ठेवले! ओव्यांचे शब्द एकमेकांत मिसळून गेले. पोरीचे कौतुक म्हणून टाळ्या पुष्कळ पडल्या आणि माझ्या काही ध्यानात आले नाही. कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत माझ्याजवळ आले. ते तिचे आजोबा. पलीकडच्या वाडीवरून मुद्दाम आले होते. कानांनी थोडे कमी ऐकू येई.

"गुरुजी, पोरगी लई ग्वाड गायली म्हंत्यात समदी," ते म्हणाले. "पर तिनं काय म्हटलं, ते मला काय बी उमगलं न्हाई. तिच्या आजीचं व्हतं न्हवं?"

मला खाली पाहावेसे वाटले. ज्या एका माणसाने ते शब्द ऐकावेत म्हणून त्या मुलीने एवढा खटाटोप केला, त्याच्यापर्यंत ते पोचू नयेत अशी व्यवस्था मी स्वतःच्या बोटाने केली होती.

पुढच्या रविवारी कीबोर्ड मोटारसायकलला बांधून मी त्यांच्या वाडीवर गेलो. वायर पुरेना, म्हणून सेल घातले. आजोबा अंगणात बाजेवर बसले होते. मी वाद्य मांडले, तेव्हा मुलीने विचारले, "गुरुजी, आज कुठला हॉल लावायचा?"

तेव्हा तिला तिच्या मूळ प्रश्नाचे उत्तर दिले. म्हणालो, "तुझा हॉल २ पृथ्वीवर कुठेही नाही, तो नुसता हिशेब आहे. पण त्या हिशेबाला पूर्वज आहेत. त्यातला एक दूर अमेरिकेत होता. १९७३ साली तो पाडला. आता खऱ्याखुऱ्या सभागृहाचा घुमारा टिपून घेऊन तो वाद्याला लावणारी यंत्रेही १९९९ पासून निघाली आहेत."

तिने क्षणभर विचार केला. "मग आमचं अंगण येईल त्यात?"

अंगणाला छत नाही. इथे उमटलेला शब्द वर आभाळात निघून जातो, परत येत नाही. मी तिला बटण दाखवले आणि म्हणालो, "अंगणाचा आकडा तूच लाव." तिने तो शंभरावरून खाली आणत आणत शून्यावर नेला.

माइक लावला नाही. ती आजोबांच्या पायाशी बसून गायली, मी मागे नुसता सूर धरून ठेवला. आजोबांनी कानामागे हात धरला होता. दुसऱ्या ओवीला त्यांनी हात वर करून तिला थांबवले.

"ह्यो शबुद चुकला," ते म्हणाले, आणि बरोबर कोणता तो त्यांनी सांगितला.

मुलीने आत जाऊन वही आणली आणि तो शब्द दुरुस्त केला. मग तिने ती ओवी पहिल्यापासून पुन्हा म्हटली.